शक्यतो

नियमावलीत तो शब्द तपासनिसानेच घातला, आणि त्या दिवशी मंडळाने त्याला आग्रह करकरून दुसरा चहा पाजला.

शर्यत स्वस्त गाड्यांची. जुनी छोटी मोटार आतून सोलायची, एक खुर्ची ठेवायची आणि चालकाचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा. जुना नियम होता : चालकाच्या दारात दोन आडव्या नळ्या असाव्यात. पण नळ्यांमागून जाड पट्टे आले, पट्ट्यांमागून खास खुर्ची आली, आणि स्वस्त गाडी काही स्वस्त राहीना. मैदानात गाड्या उरल्या सात. सात गाड्यांची शर्यत म्हणजे नुसती रांग.

सभेत दोन तट पडले. एक म्हणे, जिवापेक्षा नळी महाग झाली का. दुसरा म्हणे, जीव एवढा प्यारा असेल तर घरी बसून पत्ते कुटा. दुसऱ्या तटात तपासनिसाचा धाकटा भाऊ होता, गॅरेजवाला. त्याची मुलगी दोन वर्षं गाडीवाचून घरी बसली होती. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा कुणालाच न दुखवणाऱ्या तपासनिसाने पेन उघडलं आणि एकच शब्द वाढवला. दोन आडव्या नळ्या शक्यतो असाव्यात. शब्दाला वजन नाही, वेल्डिंग लागत नाही, गंज चढत नाही. ठराव एकमताने मंजूर.

पुढच्या मोसमात गाड्या एकवीस झाल्या.

शर्यतीच्या सकाळी तपासनीस पट्टी आणि बॅटरी घेऊन एकेका गाडीत डोकावत पुतणीच्या गाडीपाशी आला. दारात नळी एकच. धाकटा म्हणाला, खालची घातली की पोरीचा गुडघा अडतो, शिवाय वजन वाढतं, तेव्हा शक्य झालं नाही.

"शक्य झालं नाही, की केलं नाहीस?"

"दादा, शब्द तुझा. आता अर्थ मला विचारतोस?"

पुतणी हेल्मेट काखेत मारून उभी होती. "चिकटवा हो काका तपासणीचा स्टिकर. घरच्यांनाच नडतो म्हणतील तुम्हाला."

तिघेही हसले. तपासनिसाने पट्टी लावून पाहिली खरी, पण शक्यतो मोजायची खूण तिच्यावर नव्हती. त्याने दाराला स्टिकर लावला आणि कडा अंगठ्याने दाबून बसवल्या. कामात कुचराई त्याला खपत नसे.

चौथ्या फेरीला पुतणीची गाडी वळणावर गिरकी घेऊन आडवी थांबली, आणि मागचा नेमका दारात घुसला. वरच्या नळीने आपलं काम चोख केलं. छातीला ओरखडा नाही. खालच्या नळीच्या जागी पाय होता. दार कापायला बराच वेळ लागला. स्टिकर मात्र जागचा हलला नव्हता.

दुपारी इस्पितळाच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. मंडळाचे सचिव येऊन धीर देऊन गेले : गाडी नियमात होती, तेव्हा कुणी काळजी करू नये. मग डॉक्टर बाहेर आले. हाडाचा चुरा झालाय, रक्तवाहिनी तुटलीय, असं बरंच काही म्हणाले. धाकट्याने त्यांचा हातच धरला आणि विचारलं, पाय राहील ना.

"शक्यतो वाचवू," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

धाकट्याने कितीतरी वेळाने श्वास सोडला. "ऐकलंस ना, दादा? वाचवू म्हणाले."

तपासनिसाने दोन्ही शब्द ऐकले होते.