दोन मुठी, एक बोट

मृण्मयीने इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि जी प्लेट बघायची घाई होती, तीच मुद्दाम मागे ठेवली. आधी दुसऱ्या दोन. एकीत फक्त किशोरदादांच्या पोल्ट्रीतले जंतू होते, दुसरीत फक्त प्रयोगशाळेतले. पोल्ट्रीतल्यांना एक औषध पचत होतं, प्रयोगशाळेतल्यांना वेगळंच दुसरं. प्लेटांमध्ये तिने दोन्ही औषधं कालवली होती, त्यामुळे एकट्याने कुणी तगायला नको होतं. तिने त्या खिडकीशी धरल्या. स्वच्छ कोऱ्या.

मग तिसरी. हिच्यात एकत्र राहिलेले जंतू सोडले होते. आणि हिच्यावर मोहरीएवढे, दुधी ठिपके उठले होते.

“अमोघ! उठले!”

पलीकडच्या टेबलावर पाण्याचे नमुने तपासणारा अमोघ मान वर न करता म्हणाला, “कंट्रोल बघितलेस?”

“आधी त्या एकेकट्यांच्या प्लेटाच बघितल्या. कोऱ्या!”

“मग वाट कसली बघतेस? नाच की.”

ती नाचलीच. फक्त त्याआधी प्लेट नीट टेबलावर ठेवली.

आधीच्या प्रत्येक खेपेला तिने दोन्ही जंतूंचा चंबू फिरता ठेवला होता, आणि जोडी जमण्याआधीच मोडत होती. या खेपेला दोघांना घट्ट माध्यमावर शेजारी शेजारी निवांत पडू दिलं. एवढंच तर हवं होतं त्यांना. तिने चारही बाजूंनी फोटो काढले, प्लेट पुन्हा आत ठेवली आणि हेल्मेट उचललं.

भरे गावात ती किशोरदादांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. त्यांच्या शेडमधली कोंबडी जरा मलूल दिसली की पाण्यात औषधाची पिवळी पूड पडायची, आणि पाकिटात उरलेली पूड शेजारच्या शेडला जायची. विरजण जावं तशी. पुडीने न मरणारे जंतू अशाने पसरतात, म्हणून मृण्मयीने एकदा टोकलं होतं. तेव्हा किशोरदादा हसून म्हणाले होते, “डोळ्यांना दावा मॅडम. मग बंद करतो.”

आज ते शेडच्या दारात ड्रमपाशीच भेटले. एका हातात पाण्याचा मग, दुसऱ्यात पिवळं पाकीट. त्यांची आई, रत्नाबाई, ओट्यावर बसून पीठ मळत होती.

“दादा, थांबा! टाकू नका. हे बघा.”

किशोरदादांनी हातातलं दोन्ही ड्रमवर ठेवून मोबाईल घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला.

“ठिपके हायेत.”

“हो!”

“आमच्या पत्र्यावर बी हायेत. कावळे टाकत्यात.”

“तसे नाहीत हो!” मृण्मयीने पाठीवरची सॅक खाली टाकली आणि दोन मुठी समोर धरल्या. “ही मूठ म्हणजे तुमच्या शेडमधला जंतू. ही पुडीला दाद न देणारी, दुसरी प्रयोगशाळेतली. ही असं बोट पुढे काढते.” एका मुठीतून तर्जनी निघाली आणि दुसऱ्या मुठीला टेकली. “मग बोट आखडून घेते. दोघी जवळ येतात. हिच्याकडे एक गोल धागा असतो, दोन पदरांचा. पुडीतून वाचायची युक्ती त्यात लिहिलेली. एक पदर हिच्याकडेच राहतो, एक तिकडे जातो. आणि दोघी आपापला दुसरा पदर विणून घेतात. देणारीचं काहीच कमी होत नाही, दादा! घेणारी उद्या तिसरीला देते. मी जमवलंय हे. आज. तुमच्याच जंतूंकडून!”

तिला धाप लागली होती. किशोरदादांनी मोबाईल परत दिला.

“हुशार हाय तुमी. पन फोटोच हाय ह्यो. हितं पाखरू मलूल पडलंय, त्येचं काय?”

“डॉक्टरांना दाखवा. तोवर पूड नको.”

त्यांनी पाकीट पुन्हा हातात घेतलं. त्याचं तोंड उघडंच होतं. रत्नाबाई पीठच मळत होती. तिचं या बोलण्याकडे लक्ष आहे असं वाटतही नव्हतं.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची तुळजाबाई आली, हातात रिकामी वाटी.

“रत्ने, विरजण दे गं. अन् त्ये पिवळं पाकीट ऱ्हायलं आसंल तर तेबी. पोरगं म्हनतंय, दोन पाखरं सुस्त पडल्यात.”

रत्नाबाईने आत जाऊन वाटीत चमचाभर दही घातलं. बाहेर येताना लेकाच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, आणि तुळजाबाईला न देता ओट्यावर ठेवून वर परात ओढली.

“त्ये न्हाई द्यायचं.”

“आत्तापातुर कवा न्हाई म्हनली न्हाईस.”

“हिकडं बघ.” रत्नाबाईने पिठाने माखलेल्या दोन मुठी वर धरल्या. एकीतून बोट बाहेर आलं.

मृण्मयी मधे काही बोलायला गेली आणि थांबली. रत्नाबाईचं बोट दुसऱ्या मुठीला टेकलं, मग आखडलं.

“म्हंजी देनारीचं कमी होत न्हाई?” तुळजाबाईने विचारलं.

“न्हाई ना. तितंच तर खरी गोम हाय.”

तुळजाबाई वाटी घेऊन निघाली. फाटकापाशी गावातल्या भिवाजीने मोटरसायकल थांबवून तिला काहीतरी विचारलं. तिने विरजणाची वाटी आधी कुंपणाच्या भिंतीवर टेकवली, पदर खोचला आणि दोन्ही हात रिकामे करून समोर धरले.

एका मुठीतून बोट बाहेर आलं.

किशोरदादा तिकडेच बघत राहिले. शेवटी त्यांनी मग नुसत्या पाण्याने भरला आणि ते शेडमध्ये गेले.