चार तासांचं विमान

सलूनवाल्याला बसणं ठाऊकच नव्हतं. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि आपण त्यांच्याभोवती फिरायचं, यातच त्याचं आयुष्य गेलं. जेवायचा तोही उभ्याउभ्याच. लेक परदेशात बाळंत झाली, नातीचा फोटो दुकानातल्या आरशाच्या कडेला खोचला गेला, तरी गडी हट्टाला पेटलेला. "पाच तासांच्या वर बसायचं असेल तर मी येणार नाही," असं त्याने भर दुकानात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं होतं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बायकोचा जीव नातीत अडकलेला. पण एकटीने जाऊन नात मांडीवर घ्यायची, या विचाराने तिला रडूच यायचं.

जावयाने तिकिटं पाठवली. सलूनवाल्याने चष्मा लावून वाचलं: सकाळी नऊला निघणार, दुपारी एकला पोहोचणार. "चारच तास! उगाच लोक परदेश परदेश करतात."

तिकडची घड्याळं नऊ तास मागे आहेत आणि प्रवास तेरा तासांचा आहे, हे लेकीने आईला फोनवर सांगितलं होतं. आईने ते गिळलं. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून गाठलं आणि हात जोडले, "भाऊ, यांना यातलं काही बोलू नका."

एरवी त्या दुकानात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण आता सगळे मूग गिळून बसले. फक्त भूगोलाचे मास्तर एकदा घसरले. "अकरा हजार किलोमीटर चार तासांत? विमान आहे की तोफेचा गोळा?" पडद्यामागच्या घरातून बायको मोठ्याने खोकली. मास्तर म्हणाले, "असेल बुवा. नवीन निघालं असेल."

विमानात जेवणं झाली. सलूनवाल्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "एक वाजला की गं."

"अहो, अजून नऊ तास आहेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला माहीत होतं. मी फसवलं तुम्हाला."

"मास्तरांनी सांगितलं होतं मला. दाढी करताना. गळ्याशी वस्तरा असला की माणूस खोटं बोलत नाही."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"मला कळलंय म्हटलं असतं, तर येत नाही म्हणावं लागलं असतं. एवढ्या लोकांसमोर बोलून बसलो होतो ना!" तो खिडकीकडे बघत राहिला. "आणि मला पोरीला बघायचं होतं गं. दोन्ही पोरींना."

मग त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. लांबच्या प्रवासात पाय सुजू नयेत म्हणून डॉक्टर घट्ट मोजे घालायला सांगतात, ते आत होते. दोन जोड. एक त्याने तिच्या मांडीवर ठेवला.

"ढोंगी मेले," ती डोळे पुसत म्हणाली आणि मोजे घालायला वाकली.