मुकुटावरची मोकळी जागा

साखर पाण्यात विरघळते. हे वाक्य मी त्या आठवड्यात सासूबाईंना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी त्या कन्नडमध्ये "सरी, सरी", बरं बरं, म्हणून मान डोलवायच्या आणि खळीचा वाडगा पुन्हा पुढे ओढायच्या.

संक्रांत जवळ आली की शकुंतलाबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, कागदकाम सुरू होतं. के. आर. पुरममधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल मग जेवायला मिळत नाही. त्यावर सोनेरी कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, जरीचे तुकडे आणि मधोमध परातीत काटेरी हलवा. त्यातून नात्यातल्या प्रत्येक घरासाठी एक भेटकार्ड तयार होतं. वर कागदाचा पतंग किंवा सुगड, खाली तिळगुळाची पुडी, आणि त्या घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाचं नाव, हलव्याचा एकेक दाणा चिकटवून लिहिलेलं. कुणाकडे तान्हं असेल तर त्याच्या बोरन्हाणासाठी पुठ्ठ्यावर हलवा लावून दागिनेही होतात. ही मंडळी कित्येक पिढ्या बेंगळूरात आहेत, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, पण संक्रांतीची कार्डं पोस्टात पडल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू होत नाही.

मी पुण्याची. बोम्मसंद्र्याला एका औषधाच्या कारखान्यात, गोळ्यांवर थर चढवतात त्या विभागात काम करते. हलवा करणं आणि गोळीवर साखरेचा थर देणं ही मुळात एकच क्रिया आहे. दाणा हलता ठेवायचा, पाक थोडाथोडा द्यायचा, आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. त्यामुळे घरातला हलवा लग्नापासून माझ्याकडे आला आहे, आणि त्याला काटे चांगले येतात. तेच काटे सासूबाई मैद्याच्या ओल्या खळीत बुडवत होत्या.

"आई, खळीत पाणी आहे. हा बघा, अभिराजच्या कार्डावरचा 'भ' पार गुळगुळीत झाला."

"गुळगुळीत बरा. पोराच्या बोटाला टोचणार नाही."

"कागदालाही सुरकुत्या पडल्यात."

"मग काय बाजारचा गोंद लावू? मेघाचं बाळ दागिने तोंडात घालेल, तेव्हा पोटात काय जाईल? तू सायन्स शिकलीस, तूच सांग."

मुद्दा बरोबर होता. मी दोन संध्याकाळी गॅसपाशी घालवल्या. शेवटी पाण्याचा थेंबही न घालता नुसती साखर मंद आचेवर वितळवली, चिमट्यानं हलव्याचा दाणा त्यात टेकवला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. जागच्या जागी घट्ट बसला. काटे शाबूत, कागद सपाट, आणि खाल्लं तरी साखरच.

सासूबाईंनी चष्मा पुढे ओढून पाहिलं. "पांढऱ्याशुभ्र हलव्याखाली हे काय? कॉफी सांडल्यासारखं?"

"साखर वितळली की थोडा रंग येतोच."

"माझ्या खळीला कधी आला नाही."

पण दागिने साखरेनं करायला त्या तयार झाल्या. मेघाच्या बाळासाठी त्या बऱ्याच गोष्टींना तयार होत्या. एक गोष्ट सोडून.

मेघाश्री माझी नणंद. ती देवनहळ्ळीला, विमानतळाजवळच्या नव्या लेआउटमध्ये राहते. नवरा वेणुगोपाल शांत माणूस आहे. गेल्या वर्षी त्यांना मुलगा झाला. बारशाला हॉल भरला होता. वेणुगोपालच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना सांगितलं, "रिवान." टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत सासूबाई म्हणाल्या, "हे नाव आहे की सर्दीवरचं औषध?"

हे त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. सासरच्या माणसांपैकी कुणाचं चुकून ऐकायचं राहायला नको.

तेव्हापासून मायलेकी बोलत नाहीत. एकमेकींशी बोलत नाहीत, असं म्हणायला हवं. माझ्याशी दोघीही भरपूर बोलतात. "आईला सांग" आणि "तिला सांग" ही माझी आठ महिन्यांची नोकरी. माझा नवरा सुनीलकुमार याचं मत असं की हे आपोआप निवळेल. बेसिनखाली गळणाऱ्या नळाबद्दलही त्याचं हेच मत आहे.

दिवाळीत सासूबाईंनी नातवाला स्वेटर विणून पाठवला. वर चिठ्ठी होती, "बाळास." मेघानं तो तसाच कपाटात ठेवला. या वेळी तिनं आधीच फोन केला.

"वहिनी, आई दागिने करतेय ना?"

"हो."

"मुकुटावर नाव असतं."

"असतं."

"मग तिला सांग, या वेळी 'बाळ' लिहून पाठवलंस तर मी मुकुट घालणार नाही. दुकानात तयार मिळतात, तो आणीन. आणि मग येऊही नको म्हणावं. माझ्या पोराला नाव आहे. त्याच्या आजीनं ते आजपर्यंत एकदा घेतलेलं नाही."

"मेघा, हे तू तिला का नाही सांगत?"

"मी तिच्याशी बोलत नाही."

बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी होतं. शनिवारी दुपारपर्यंत बाजूबंद, कंबरपट्टा, बासरी, सगळं झालं. मुकुटही झाला, फक्त कपाळावरच्या पट्टीचा सोनेरी कागद मोकळा होता. सासूबाई त्याच्या कडेनं हलव्याची एक ओळ लावत, ती उचकटत, पुन्हा लावत. मी गॅसपाशी साखर सांभाळत होते.

"आई, नाव राहिलंय."

"जागा पुरत नाही."

"तीन अक्षरं आहेत."

"हलव्याची वेलांटी मोडते."

"अभिराजची नाही मोडली."

"तो पुठ्ठा वेगळा होता." त्यांनी एक दाणा उचलला, निरखला, परत परातीत टाकला. "'बाळ' लिहिते. बाळ म्हटलं की त्यात सगळं आलं."

"मेघा मुकुट घालणार नाही."

"नको घालू दे."

"आणि तुम्ही उद्या जाणार नाही?"

"मला बोलावलंय कुणी?"

"ग्रुपवर निरोप आलाय ना, सगळ्यांना."

"ग्रुपवर माझी बंगारपेटची चुलत जाऊ पण आहे! तिला आणि मला एकच निरोप? वर तो हात जोडलेला बाहुला. मी आजी आहे की सोसायटीची मेंबर?"

साखर करपली. मी भांडं उतरवलं आणि गॅस बंद केला. करपलेल्या साखरेचं भांडं घासायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं, आणि ते कोण घासणार हेही.

"आई, ते नाव तुम्हाला इतकं का खुपतं? औषधाचं सोडा. खरं सांगा."

त्या नखावरची वाळलेली खळ खरवडत राहिल्या. मी करपलेल्या भांड्यात नळ सोडला.

"नाव वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नाही गं. ठेवायचं ते त्यांनीच ठेवायचं, आत्याचा मान असतो, मला कळतं. पण आधी स्वल्प कानावर घालायचं. पाळण्याची दोरी माझ्या हातात, आणि नाव मला कळलं पाहुण्यांबरोबर. बंगारपेटच्या त्या बाईबरोबर!"

मी नळ बंद केला. "हे मेघाला सांगितलंत कधी?"

"सांगायचं कशाला? तिला कळायला नको?"

आठ महिने मी निरोप वाहिले होते. स्वेटरचे, डिंकाच्या लाडवांचे, बाळाला उन्हात किती वेळ धरावं याचे. त्यात हा एक निरोप कधीच नव्हता.

"आता माझं ऐका," मी म्हणाले. "उद्या सकाळी मी गाडी बोलावणार आहे. मुकुटावर नाव असेल तर आपण दोघी जाऊ. नसेल तर मीही जाणार नाही. आणि यापुढे मी तुमचं तिला सांगणार नाही, तिचं तुम्हाला सांगणार नाही. कुठलंच. अगदी पाऊस पडतोय एवढंसुद्धा नाही."

"अय्यो, एवढं ओरडायला काय झालं?"

मी ओरडले नव्हते. माझा आवाज नेहमीएवढाच होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी मुकुट जवळ ओढला. "नवी साखर ठेव. आणि तू बाहेर जा. तू बघत असलीस की माझा हात हलतो."

मी दुसऱ्या भांड्यात साखर वितळवली, आच मंद केली, चिमटा त्यांच्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढले. घड्या घातल्या. आतून काहीच आवाज येईना, म्हणून उलगडून पुन्हा घातल्या. सुनील बाहेरून आला.

"काय चाललंय आत?"

"नाव लिहितायत."

"बघ. म्हटलं होतं ना, आपोआप निवळेल."

मी कपड्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि आत गेले.

मुकुटावर लिहिलं होतं, 'चि. रिवान वेणुगोपाल'. अक्षरं मोठी झाली होती, त्यामुळे शेवटचा 'ल' पट्टी संपवून मुकुटाच्या बाजूच्या कानावर चढला होता. दाण्यांच्या फटीफटीतून तपकिरी साखर दिसत होती.

"एवढं सगळं?" मी विचारलं.

"लिहायचं तर नीट लिहावं," त्या म्हणाल्या. "नुसतं नाव काय, मांजराचंही असतं."

रविवारी सकाळी धुकं होतं. मी ड्रायव्हरला काचा बंद ठेवून एसी लावायला सांगितला.

"एसी? या थंडीत?" सासूबाई डबा मांडीवर धरून बसल्या होत्या.

"बाहेरची हवा ओली आहे. हलव्याला पाणी सुटेल."

"हलवा टिकेल, मी मरेन." त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि देवनहळ्ळीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला हळू जायला बजावलं, "निधान, अण्णा, निधान!" तो बिचारा आधीच बैलगाडीच्या वेगानं चालला होता. हेब्बाळच्या पुलावर त्यांनी एकदा झाकण उघडून पाहिलं. विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर आणखी एकदा. झाकण उघडलं की थोडा ओलावा आत जातोच, पण आता मुकुटापेक्षा त्यांचीच मला जास्त काळजी वाटत होती.

मेघानं दार उघडलं. कडेवर काळं झबलं घातलेलं बाळ. मागे हॉलमध्ये वेणुगोपालची आई परातीत बोरं आणि उसाचे तुकडे भरत होती. भोगीला मुलांवर बोरं ओतायची पद्धत त्यांच्याकडेही आहे, त्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नव्हतं.

"ये वहिनी," मेघा म्हणाली. आईकडे तिनं पाहिलं नाही. एका हातानं तिनं डबा घेतला.

"तिला सांग," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डबा आडवा धरू नको."

मी सांगितलं नाही.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. वेणुगोपालची आई बोरं भरायची थांबली. डबा मेघाच्या हातात तिरपा होत होता आणि आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"अगं डबा सरळ धर!" सासूबाई ओरडल्या. "वर मुकुट आहे, मेघा!"

मेघानं डबा सरळ केला. टेबलावर ठेवून झाकण काढलं. बाळ वाकून आत बघू लागलं, त्याला तिनं मागे ओढलं. तिची नजर पट्टीवरून हळूहळू सरकत कानापर्यंत गेली. मग पुन्हा सुरुवातीला आली.

"'चि.' कशाला?" ती म्हणाली. "लग्न आहे का त्याचं?"

"आशीर्वाद असतो तो. तुला विचारून लिहायचं होतं का?" सासूबाई म्हणाल्या, आणि मग थांबल्या. "विचारायची पद्धत असते. आधी विचारतात."

मेघानं मान वर केली. पहिल्यांदाच आईकडे पाहिलं. काय समजायचं ते तिला समजलं असावं, कारण तिनं वाद घातला नाही. एरवी ती वाद सहसा सोडत नाही.

"आणि हे तपकिरी काय लागलंय सगळीकडे?" तिनं विचारलं.

"ते हिचं. खळ नको म्हणाली. सायन्स."

"वहिनी, अगं, सगळी शोभा गेली ना!"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. ऐकते कुठे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. हनुवटी वर करून, अगदी सारख्या. वेणुगोपाल आतून चहाचे कप घेऊन आला आणि त्यानं मला हळूच विचारलं, "ऑल ओके?"

"बहुतेक," मी म्हणाले.

बाळाला पाटावर बसवलं. बाजूबंद बांधले, कंबरपट्टा बांधला. मेघानं मुकुट उचलला आणि आईकडे दिला. सासूबाईंनी तो नातवाच्या डोक्याला बांधला. शेजारची मुलं गोळा झाली, वेणुगोपालच्या आईनं परात वर धरली, आणि डोक्यावर पहिलं बोर पडल्याबरोबर बाळानं दोन्ही हातांनी मुकुट धरून खाली ओढला.

"रिवान! अरे, सोड, सोड! मेघा, त्याचा हात धर! रिवान, नाही राजा, तुटेल तो!" सासूबाई पुढे झाल्या.

मेघानं त्याचा हात धरला. पण डोळे तिचे आईवर होते. तेवढ्यात व्हायचं ते झालंच. कानावर चढलेला 'ल' आणि त्याच्यासकट पुठ्ठ्याचा तुकडा बाळाच्या मुठीत आला. शेजारची मुलं हसली, बाळ रडायला लागलं, बोरं चहूकडे पळाली.

"वहिनी!" मेघानं मला हाक मारली.

"सुखदा!" त्याच वेळी सासूबाईंनी. "चिकटवायचं काही आणलंयस ना बरोबर?"

आणलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडून साखर शोधू लागले.