काशीरामभाऊंच्या रक्तातला रखवालदार

मी एक प्रतिपिंड बोलतोय. शोधू नका, सूक्ष्मदर्शकातही दिसणार नाही. रोगजंतूंना धरायचं हे आमचं काम. रक्तातले रखवालदार म्हणा ना!

माझा जन्म सांडोरच्या काशीरामभाऊंच्या हाडांच्या मज्जेत झाला. तिथली एक पेशी बिघडली आणि तिनं माझ्यासारख्यांचा कारखानाच उघडला. मी जन्मतःच चुकलेला. थंडी लागली की परक्यांना सोडून भाऊंच्याच तांबड्या पेशी घट्ट धरायचो. १९९८च्या डिसेंबरात पहाटे केळीला पाणी सोडताना त्यांची बोटं निळी पडायची, दम लागायचा. अंगातलं रक्त कमी होत चाललं होतं. मला मात्र वाटायचं, काय इमानानं काम करतोय मी!

डॉक्टर सालोमी घरी आल्या, त्यांनी रक्त काढलं. "जपून, ताजं असताना वसईच्या लॅबमध्ये द्या," म्हणाल्या. भाऊंच्या बायकोनं, कमळीवहिनींनी, ती नळी बर्फासकट ओल्या केळीच्या पानात बांधली. त्यांची भाजी अशीच ताजी राहते.

लॅबवाल्या वॉल्टरनं नळी उजेडात धरली. आत नुसत्या गुठळ्या!

"खराब झालंय, वहिनी. पुन्हा काढावं लागेल."

"त्यांच्या अंगात आता हाय कुठं रगत?" वहिनींना रडूच फुटलं. "मी तं भाजीवानी जपून आनलं."

त्यांची समजूत घालताना नळी वॉल्टरच्या मुठीतच राहिली. मूठ उघडली तर गुठळ्या विरघळलेल्या! त्यानं नळी परत बर्फात ठेवली. पुन्हा गुठळ्या.

"वहिनी, रडू नका. तुमच्या बर्फानंच चोर दाखवला!"

मी थक्क झालो. माणसाच्या नुसत्या तळहाताच्या उबेनं माझी पकड सुटली होती.

मग हा चोर कुठं जन्मतो ते शोधायला मुंबईला हाडांच्या मज्जेची तपासणी झाली. मायलोमा, म्हणजे कॅन्सर. सालोमीबाईंनी गोळ्या दिल्या. चार दिवस घ्यायच्या, दीड महिना थांबायचं, पुन्हा चार दिवस.

"येवढ्याशा गोळ्यांनी काय होनार, बाई?" भाऊंनी विचारलं. मीही मनात हसलो होतो.

चौथ्या खेपेपर्यंत माझ्या आजूबाजूला सामसूम झाली. ज्यांनी मला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्या माणसांनी माझं जन्मघर गाठलं होतं! भाऊंना जिना चढता येऊ लागला, तेव्हा मला कळलं की मी धरत होतो त्याच पेशी त्यांना श्वास पुरवत होत्या. फार लाज वाटली.

आता प्रत्येक रिपोर्टात मी कमी कमी निघतो. पण हा आजार परतू शकतो, असं बाईंनी सांगितलंय. म्हणून जाता जाता विनवतो, काशीरामभाऊ, तपासणीला कंटाळू नका. दर खेपेला मला कसून शोधायला सांगा.

आणि मी सापडू नये.