यादीत नसलेला मेलबॉक्स

"गेले का तपासणीवाले? मग झाका तो मेलबॉक्स!" साहेबांनी हुकूम सोडला आणि वहिनीने मुकाट्याने झाकला.

वहिनी कंपनीतला ईमेलचा सर्व्हर सांभाळायची. बायकांच्या तक्रारींसाठी तिथे एक सामायिक मेलबॉक्स होता, नियमाने ठेवावा लागतो म्हणून ठेवलेला. रीत अशी, की तपासणीच्या दिवशी तो पत्त्यांच्या यादीत दिसायचा आणि पाहुण्यांची पाठ वळली की गायब! मग वर्षभर एक तक्रार नाही, साहेब शाबासकी घ्यायला मोकळे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनीला हे खटकायचं, नाही असं नाही. पण खटकलेलं गिळायची सवय बायकांना लहानपणापासूनच लावलेली असते.

तिची धाकटी नणंद, घरातली लाडकी ठकी, त्याच कंपनीत हिशेबखात्यात होती. वहिनीनेच तिला तिथे चिकटवलं होतं. महिना उलटतो न उलटतो तोच एका संध्याकाळी वहिनी घरी आली, तर ठकी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"राजीनामा दिला मी."

"अगं, वेडबिड लागलं का तुला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. खातेप्रमुख कामाच्या निमित्ताने केबिनमध्ये बोलवायचा, दार लोटायचा. काल त्याने तिला धरलं होतं.

"मग तक्रार करायची ना, बाळा! मेलबॉक्स आहे की त्यासाठी!"

"शोधला गं वहिनी. किती दिवस शोधला. यादीत काही येईचना. म्हटलं, इथे आपलं ऐकणारं कुणी नाहीच."

पोरीच्या तोंडावरचं दार वहिनीने स्वतःच्या हाताने लावलं होतं.

"आता बभ्रा नको," नवरा म्हणाला. "हिचं लग्न व्हायचंय अजून. तुझीही नोकरी जाईल."

"वा! म्हणजे घरातही एक साहेब आहेच म्हणायचा! भाऊ ना तुम्ही तिचे?"

सकाळी तिने मेलबॉक्स यादीत आणला. साहेब लालबुंद. "कुणाला विचारून?"

"इतकी वर्षं कुणाला विचारून झाकत होतो, ते आधी सांगा. मी आता झाकणार नाही."

दुपारच्या आत सर्व्हर तिच्या हातून गेला. झाकायला दुसरा माणूस मिळाला. अशी माणसं मिळायला वेळ लागत नाही. पण यादीत दिसला नाही तरी पत्ता ठाऊक असला की मेल पोचतोच, आणि तो कंपनीच्या तक्रार समितीवर नेमलेल्या बाहेरच्या वकीलबाईंनाही जातो, हे वहिनीला पक्कं माहीत होतं. ती टेबलाटेबलाशी गेली आणि बायकांना पत्ता मोठ्याने सांगत सुटली. कुणी मान खाली घातली. कुणी तळहातावर लिहून घेतला.

घरी येऊन तिने ठकीलाही सांगितला.

"तेव्हा का नाही गं सांगितलास?" ठकी एवढंच म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी वहिनी कंपनीत वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या बायकांना पत्ता सांगायचा राहिला होता.