पिठासारखी माती

आमच्या ह्यांना शेतात एक ढेकूळ दिसलं तरी जेवण गोड लागत नसे. घरामागच्या उतारावरची झाडं तोडून तिथं शेत केलं, तेव्हापासून ट्रॅक्टर फिरवून फिरवून त्यांनी माती पिठासारखी केली होती. नांगराच्या रेघाही वरून थेट खाली, घराच्या रोखाने. का, तर रस्त्यावरून सरळ दिसतात. थांबून कौतुक करणाऱ्याला आमच्याकडे चहा ठरलेला.

त्या दुपारी आभाळ भरून आलं आणि वन्सं आल्या. त्या माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. आल्या आल्या त्यांनी ओट्यावर पाण्याचे दोन ग्लास मांडले. एकात आमच्या शेतातल्या मातीचा वाळलेला पोपडा सोडला, दुसऱ्यात वरच्या उरलेल्या झाडांखालच्या मातीचा गोळा. पोपडा बघता बघता विरघळला. पाणी चहासारखं झालं. गोळा मात्र बारीक मुळांनी बांधलेला, बुडबुडे सोडत तसाच बसला.

"दादा, आपल्या मातीला धरून ठेवणारं काही उरलं नाहीये. बाबांना मागच्या खोलीतून हलव."

"तुझ्या ग्लासात पाऊस पडतो का गं?" हे हसले. "शेत बघ माझं. गालिचा आहे गालिचा!"

"गालिचा गुंडाळलाही जातो, दादा."

मामंजी अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्या खोलीची भिंत उताराला टेकलेली. मी विचारायला गेले, तर म्हणाले, "सूनबाई, पुढं नेऊन काय शेजाऱ्यांचे कपडे वाळताना दाखवणार मला?"

पाऊस सुरू झाला. आधी नुसता पावसाचाच आवाज होता. मग त्यात दुसरा मिसळला, जड, कुणी भरलेली पोती ओढत आणावीत तसा. मामंजींच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची धार आली. चहाच्या रंगाची. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या ग्लासाकडे. ओठांवर हसू तेवढं राहिलं होतं, दुकान उठल्यावर पाटी राहते तसं.

"दादा, बाबा!" वन्सं ओरडल्या.

ह्यांनी धावत जाऊन मामंजींना गादीसकट उचललं.

"अरे हळू, मी काय पोतं आहे?"

आम्ही उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच मागे खिडकी फुटली आणि शेत खोलीत शिरलं. रिकामी खाट भिंतीवर जाऊन आपटली.

रस्त्यापलीकडे उभं राहून आम्ही मागे बघितलं. रेघा खरंच सरळ दिसत होत्या. प्रत्येकीतून माती धावत होती, घराच्या रोखाने, आणि पाऊस वाढतच होता. मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.