कावेरीला चुलीचा धूर

बारकू ढेबे चौसष्टाव्या वर्षी वाचायला शिकला आणि त्या दिवसापासून वस्ती हैराण झाली. त्याची नात प्राजक्ता देवळाच्या ओसरीवर साक्षरतेचा वर्ग घ्यायची. वर्गात सात बायका आणि एकटा बारकू. सही येऊ लागली तशा बायका आपापल्या कामाला लागल्या. बारकू काही थांबेना. खताची गोणी, बामाची डबी, भुकूमला उभ्या राहिलेल्या इमारतींचे फलक, जे दिसेल ते तो मोठ्याने वाचायचा आणि मग कुणी ऐकलं का म्हणून आजूबाजूला बघायचा.

"ऐकलं, ऐकलं," त्याची बायको कृष्णाबाई म्हणायची. "आता गप बसा. म्हशीला बी पाठ झालं."

कासार आंबोलीत एका बंगल्याची राखण तो वीस वर्षं करत होता. बंगला इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी उभा जन्म एका नदीपायी घालवला होता, आणि ती नदी इथली नव्हे, पार दक्षिणेतली कावेरी. तिच्या काठची देवळं, राजे, कालवे, भातशेती, तंजावरचे मराठे, नाचगाणी, सगळ्यावरची पुस्तकं त्यांनी जमवली होती. मराठी, इंग्रजी, तमिळ, मिळून दोनशे बारा.

"सर, आपली मुळा काय वाईट हाय?" बारकूने एकदा विचारलं होतं.

"वाईट नाही रे," सर म्हणाले. "पण कावेरीने मला आधी हाक मारली."

बारकूला वाचता येऊ लागलं तेव्हा सरांनीच त्याच्या हातात लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड मराठी पुस्तक ठेवलं. उगमापासून समुद्रापर्यंतची कावेरी, चारशे दहा पानं. बारकू ओळीवर बोट ठेवून वाचायचा. आठवड्याला एक पान, जोडाक्षरं फार आली तर अर्धंच. मध्ये पेरणी आली, कापणी आली की महिना महिना पुस्तक बंद. पण वीस पानं झाली नाहीत तोच तो कावेरीचा जाणकार म्हणून मिरवू लागला. पप्पूच्या चहाच्या टपरीवर कुणी पाण्याचा विषय काढायचा अवकाश, हा सुरू. "तिकडं कोडगूत, कावेरी उगवती तितं, असं हाय बघा..."

"नाना, तुमी तिकडं गेलता कवा?" पप्पू विचारायचा.

"वाचलंय," नाना छाती काढून सांगायचा. पुण्याच्या पलीकडे नाना जन्मात दोनदा गेला होता, दोन्ही वेळा जेजुरीला.

सर वैशाखात गेले. जाण्याआधी त्यांनी बारकूला दवाखान्यात बोलावून घेतलं. म्हणाले, "पुस्तकं पुण्यातल्या ग्रंथालयाला द्यायची ठरली आहेत. पावसाळा संपला की माणूस येऊन बघेल, चांगली असली तरच घेईल. जन्मभराचं तेवढंच आहे माझं. तोवर सांभाळ."

बारकूने त्यांच्या हातावर हात ठेवला. "एक पान खराब व्हणार न्हाई, सर."

जूनच्या शेवटी सरांच्या मुलीचा, मृण्मयीचा, नागपूरहून फोन आला. "बारकूकाका, तेवढं बघा. पुस्तकांना ओल लागू देऊ नका."

बारकूने बंगल्यात जाऊन कपाट उघडलं. खालच्या रांगेवर पांढरी लव धरली होती. भिंतीला हात लावला तर हात ओला. मग त्याने मुळशीतला कुणीही शहाणा माणूस करेल तो विचार केला. इथे चार महिने सूर्य दिसत नाही. तरी बियाणं टिकतं, मिरच्या टिकतात, दोरखंड टिकतात. कुठे? चुलीवरच्या माळ्यावर. खालून धूर लागत राहतो, वर ना बुरशी ना कीड. बियाणं टिकतं तर पुस्तक का टिकू नये?

चार दिवस तो डोक्यावर डालं घेऊन, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून, बंगल्यातून वस्तीवर चढत होता. कावेरीचं सगळं खोरं त्याने असं डोंगरावर नेलं. प्राजक्ता पुण्याला वसतिगृहात होती, नाहीतर तिने त्याला वाटेतच अडवलं असतं. कृष्णाबाईने हरकत घेतली ती एकच.

"माळ्यावर माझं सुकट हाय, बोंबील हायेत."

"असू देत की. पुस्तकं काय बोंबील खात्यात व्हय?"

या उत्तरावर तो स्वतःच बराच वेळ हसला होता.

चार महिने खाली भाकऱ्या भाजल्या गेल्या आणि वर कावेरी शेकत राहिली. बारकू रोज शिडी लावून बघायचा. बुरशीचा ठिपका नाही. मृण्मयीला तो फोनवर सांगायचा, "ताई, एकदम कोरडी ठणठणीत." खोटं त्यात काहीच नव्हतं.

दसऱ्याला पुस्तकं खाली उतरवली आणि अंगणातल्या उन्हात मांडली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याने ती उजेडात बघितली. पांढरी पानं चहाच्या रंगाची झाली होती. सुट्टीला आलेल्या प्राजक्ताने एक पुस्तक उघडलं आणि तिला तीन शिंका आल्या.

"आबा, ह्यो तंजावरचा इतिहास हाय का बोंबलाचं कालवण?"

बारकूने नाकाला लावून बघितलं. दुसरं लावलं. तिसरं लावलं. मग तो मटकन जोत्यावर बसला. ग्रंथालयाचा माणूस दोन दिवसांनी येणार होता.

त्या दोन दिवसांत त्याने काय केलं नाही! ऊन दिलं. उदबत्त्या लावल्या. शेवटी कृष्णाबाईची पावडरची डबी घेऊन पानापानांत भुरभुरवली. त्याने फरक पडला तो एवढाच, की धुरकट बोंबील आता जत्रेला निघाल्यासारखे वास मारू लागले.

ठरल्या दिवशी मृण्मयी आली. बरोबर ग्रंथालयाचा निषाद, चष्मेवाला, मऊ बोलणारा. पुस्तकं पुन्हा बंगल्याच्या कपाटात लागली होती. निषादने कपाट उघडलं आणि तो एक पाऊल मागे सरला.

"इथे कुणी मासे ठेवत होतं का?"

"छे, बंगला तर बंदच होता," मृण्मयी म्हणाली. मग तिलाच सुचलं. "शेजारच्या बंगल्यात दर शनिवारी पार्टी असते. अंगणात शेगड्या पेटवतात, मासे भाजतात. त्याचाच धूर खिडकीतून आला असणार. हो ना काका?"

आयती वाट होती. नुसती मान हलवायची होती. बारकूने ती हलवलीसुद्धा, निम्मी. तेवढ्यात त्याची नजर सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि मान तिथेच अडकली.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "शेजारच्यांचा काय दोष न्हाई. म्याच धुरी दिली."

मग त्याने सगळं सांगितलं. लव, डालं, माळा, बोंबील, पावडर. सांगताना त्याला स्वतःलाच ते एखाद्या वेड्याचं वाटत होतं. निषादने तोंडावर हात धरला. तो हसत होता की काय, कळेना. मग त्याने एकेक पुस्तक काढून बारकाईने बघितलं.

"बुरशी नाही. कसर नाही. एकही पान कुरतडलेलं नाही," तो म्हणाला. बारकूची मान जरा वर आली. "पण अशी नेली तर आमच्या बाकीच्या पुस्तकांनाही वास लागेल. मला घेता येणार नाहीत."

मृण्मयी सरांच्या खुर्चीत बसली.

"ताई, मला बोला. शिव्या द्या."

"तुम्हाला काय बोलू काका? ओल लागू देऊ नका, हे मीच सांगितलं होतं ना."

शिवी परवडली असती.

"सायेब, कायच इलाज न्हाई का?" बारकूने विचारलं.

निषादने चष्मा पुसला. "आहे, पण चिकाटीचा आहे. सावलीत, वाऱ्यावर पुस्तकं उघडी ठेवायची. रोज पान पान उलटायचं, कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. चार-पाच महिने. होळीच्या आधी मी परत येतो. वास गेला असेल तर नेईन. नसेल तर मात्र मला पुन्हा विचारू नका."

तेव्हापासून बारकू बंगल्याच्या व्हरांड्यात दिसायचा तो पानं उलटतानाच. सकाळी पन्नास पुस्तकं, दुपारी पन्नास, दुसऱ्या दिवशी राहिलेली. अंगठ्याला घट्टे पडले. गंमत अशी, की ज्याला वाचायची एवढी हौस, त्याला आता एक ओळ वाचायला सवड नव्हती. एखाद्या पानावर नजर रेंगाळली की पुढची हजार पानं डोळ्यासमोर नाचायची. लाल पुस्तकात त्याचं बोट शहाण्णवाव्या पानावर होतं, ते तिथेच राहिलं. इंग्रजी आणि तमिळ पुस्तकंही त्याने तितक्याच इमानाने उलटली. त्यात मात्र मन अडकायची भीती नव्हती.

टपरीवर तो गप्प बसू लागला. पप्पूला ते सोसेना. "नाना, कावेरी आटली का काय?"

"चहा दे," नाना म्हणायचा.

माघ संपता संपता वास उतरला. पारख करायला कृष्णाबाईचं नाक. ती घरून भाकरी घेऊन यायची आणि रांगेत हुंगत जायची. "ह्याचा गेला. ह्याचा बी गेला. ह्याला अजून चार दिस ठिवा." एक दिवस ती शेवटापर्यंत गेली आणि म्हणाली, "सुटलात."

निषाद दुसऱ्या दिवशी येतो असा फोन आला. बारकूला आनंद झाला, आणि मग एकदम ध्यानात आलं. दोनशे बारांत लाल पुस्तकही होतं. त्या दुपारी तो ते धोतराच्या सोग्यात लपवून घरी घेऊन गेला. चूल फुंकली, ओला फाटा घातला, धूर निघाल्यावर पुस्तक वर धरलं. वास मारणारं एक पुस्तक निषाद नेणार नाही. एकच तर आहे. सरांनीच तर हातात दिलं होतं.

"भाकरी भाजताय का?" दारातून कृष्णाबाईने विचारलं.

तो दचकला. "न्हाई. जरा... दमट वाटत हुतं."

कृष्णाबाई जवळ आली. धुराने दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. "सरांच्या हातावर ठिवला हुता, त्यो ह्योच हात का दुसरा?"

बारकूने पुस्तक खाली घेतलं. संध्याकाळपर्यंत तो अंगणात बसून त्याची पानं उलटत होता आणि स्वतःला अशा अशा शिव्या देत होता, की कृष्णाबाईलाही त्यातल्या दोन नव्या वाटल्या.

सकाळी निषाद खोकी आणि टेम्पो घेऊन आला. खोकी उचलायला पप्पू होता. निषादने एकेक पुस्तक हुंगलं, यादीवर खूण केली, खोक्यात ठेवलं. शेवटी लाल पुस्तक आलं. त्याने ते जरा जास्तच वेळ नाकाशी धरलं. बारकू टक लावून बघत होता, पण नेमकं कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"उत्तम," निषाद म्हणाला. "दोनशे बारा. सगळी घेतली. सरांच्या नावाचं वेगळं कपाट करतोय आम्ही."

बारकूने डोळे मिटून एकदा हात जोडले. मग राहवेना म्हणून विचारलं, "सायेब, ही कावेरी शेवटी समुद्राला मिळती, तितं कसं हाय?"

"मी यातलं काहीच वाचलेलं नाही हो. आम्ही नोंदी करतो," निषाद म्हणाला. "उलट मृण्मयीताई सांगत होत्या, तुम्ही कावेरीचे जाणकार आहात. तुम्हीच सांगा ना."

पप्पू खोकं खाली ठेवून कंबरेवर हात देऊन उभा राहिला. बारकूने सवयीने घसा खाकरला. छातीही काढली.

"मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "चार वरसात मी पयल्या धरणापाशीच पोचलोय."

पप्पू हसला नाही. निषादने पुस्तकाकडे बघितलं, मग बारकूकडे, आणि ते खोक्यात सगळ्यात वर ठेवलं. "ग्रंथालयात येऊन वाचा की. दहाला उघडतं, सोमवारी बंद. पत्ता देऊ का लिहून?"

"द्या," बारकू म्हणाला. "पण अक्षर मोठं काढा, आन् जोडाक्षरं जरा कमी घाला."